पिवळ्यावर गेलो आणि सिग्नल तोडल्याचं चलान आलं, भरू की भांडू?

तुमचा प्रश्न असा की कलानगरच्या सिग्नलला पिवळा असताना बाईक काढली, चार दिवसांनी सिग्नल तोडल्याचा ५०० रुपयांचा मेसेज आला, आता गपचूप भरून टाकू की भांडू. माझं म्हणणं, आधी फोटो बघा, तोवर एक रुपया भरू नका. एकदा भरलं की विषय मिटला, मग "पण मी तोडलाच नव्हता हो" ऐकायला कोणी बसलेलं नसतं.

आणि फोटोच्याही आधी तो मेसेज नीट बघा. हल्ली चलानच्या नावाने फ्रॉडवालेपण मेसेज सोडतात, सोबत एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) चिकटवलेली, ती टाकून घेतली की बँकेचं खातं साफ. मेसेजमधल्या लिंकवर जाऊच नका, स्वतः महाट्रॅफिकची, म्हणजे महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांची ई-चलानची साईट उघडा (पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन पाहिजे), गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाका, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर असतात ते. चलान खरं असेल तर तिथे दिसेल.

आता आमच्या घरची गोष्ट. स्कूटर बाबांच्या नावावर, चालवते मी. बाबा मुंबईच्या बेस्ट बसवर ड्रायव्हर होते, आणि "आख्ख्या नोकरीत एक पावती फाटली नाही" हे आमच्याकडे गणपतीला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. आणि मेसेज आला तो बाबांच्या मोबाईलवर, कारण चलान मालकाच्या नावाने निघतं. चहा तसाच राहिला त्यांचा. तारीख बघितली तर जुलैतला तो दिवस, गांधी मार्केटला पाणी भरलेलं, किंग्ज सर्कलपर्यंत गाड्या तुंबलेल्या, रेनकोट घातलेले एक हवालदार मधोमध उभे राहून हाताने सगळ्यांना काढत होते, चला चला चला, आता त्यात सिग्नल लाल आहे का हिरवा कोण बघतंय. कॅमेऱ्याला लाल दिवा दिसला, माझी नंबर प्लेट दिसली, बिचारा कॅमेरा तरी काय करणार.

मी घाईघाईत ऑनलाईन तक्रार टाकली, "चलान चुकीचं आहे, रद्द करावे", बस एवढंच. रिजेक्ट. बरोबरच आहे म्हणा, असं तर सगळेच लिहितात. मग बाबा बोलले, "अगं पोलीस हात दाखवत असेल तर सिग्नलला विचारायचं नसतं, त्याचा हात वरचा." कायदा काढून बघितला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११९ मध्ये खरंच सिग्नलसोबत पोलिसाचा इशारा पाळणंपण ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. फोटो झूम केला तर कोपऱ्यात हवालदारांचा अर्धा रेनकोट आणि उचललेला हात! त्याला गोल केला, त्या दिवशीच्या पाणी भरल्याच्या बातमीचा स्क्रीनशॉट जोडला, परत तक्रार टाकली आणि प्रिंट घेऊन बाबांसोबत चौकीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे सगळं बघितलं, बाबांना विचारलं "बेस्टला होतात का?" आणि मग पंधरा मिनिटं डेपोच्याच गप्पा. महिन्याभरात चलान लिस्टमधून गेलं.

तुमच्याकडे हवालदार नाही, पिवळा दिवा आहे, ते जरा अवघड. पिवळा म्हणजे पळ काढा नाही, थांबा. फक्त लाईनच्या इतके जवळ असाल की ब्रेक मारला तर मागचा अंगावर येईल, तेव्हाच निघून जायचं. म्हणून फोटोत एवढंच बघा की लाल दिवा लागला तेव्हा पुढचं चाक स्टॉप लाईनच्या अलीकडे होतं का पलीकडे. पलीकडे असेल आणि पुढे गाड्या अडकलेल्या दिसत असतील तर केस आहे, लढा. अलीकडे असेल तर सरळ ५०० भरा, उगाच पिवळ्याची स्टोरी सांगत बसू नका. आणि नंबर प्लेट तुमचीच आहे ना तेपण बघा, माझ्या मावसभावाला आलेल्या चलानात ३ चा ८ झालेला आणि फोटोत भलत्याच रंगाची गाडी, त्याचं काम एका तक्रारीत झालं.

कॅमेऱ्याच्या चलानासाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ए आला, त्याप्रमाणे गुन्ह्यापासून १५ दिवसांत नोटीस पाठवायची असते, फोटो, तारीख, वेळ, जागा सगळं पाहिजे, कॅमेऱ्याचं अ‍ॅप्रूव्हल सर्टिफिकेट दर वर्षी रिन्यू व्हायला पाहिजे. तुमचं चार दिवसांत आलंय म्हणजे त्या हिशोबाने उशिराचा मुद्दा गेला. कलम कुठलं लावलंय तेपण वाचा. ५०० म्हणजे साधं कलम १७७ असणार, पुन्हा सापडलात की १५००. पण २०१९ च्या दुरुस्तीपासून सिग्नल तोडणं कलम १८४ च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्येपण बसतं, तिथे १००० ते ५००० दंड आणि जेलचीपण तरतूद आहे, ते लावलं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका.

तक्रार रिजेक्ट झाली तरी मॅजिस्ट्रेटसमोर "गुन्हा कबूल नाही" सांगायचा हक्क आहेच, पण ५०० साठी कोर्टाच्या तारखा आणि बुडालेली रजा, मी तरी नसते गेले. लोकअदालतीचा मेसेज येतो तो वेगळा, तिथे तडजोड करून मिटवायचं असतं, तुम्ही बरोबर होतात का चूक हे तिथे कोणी ठरवत नाही.

फोटो उघडलात की चाक कुठे आहे तेवढं सांगा.