कासाळे कोणाच्या हाती?

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व असून प्रमाणपत्रावर 50 टक्क्यांची नोंद आहे. तो गावच्या शाळेत चौथीत आहे. ‘याला विशेष शाळेत घाला,’ असे मुख्याध्यापिका आता वारंवार सुचवतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना वाड्यावरची मुले त्याला दारातल्या सोप्यावर बसवून ठेवतात. काय करावे? – एक आई, डिचोली

उत्तर : मुख्याध्यापिकांचा हेतू चांगलाही असेल, पण हा निर्णय त्यांचा नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कलम 16 प्रमाणे त्याच्या गरजेनुसार सोयी करणे ही शाळेची जबाबदारी ठरते. तेव्हा ‘आपला सल्ला लेखी द्यावा,’ एवढेच नम्रपणे सांगा. बहुधा तेवढ्याने सूर बदलतो.

मात्र प्रवेश टिकला म्हणजे झाले, असे समजू नका. रंगवायचे पुस्तक देऊन शेवटच्या बाकावर विसरलेली मुले मी बरीच पाहिली आहेत. शिक्षिकेकडे त्याच्यासाठी रोजचे एक काम मागा. उदाहरणार्थ, प्रत्येक मुलाचा फोटो चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती त्याने सकाळी ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ या खणात लावावी. पहिले काही दिवस शिक्षिकेने हाताला धरून करून घ्यावे, पुढे नुसते बोट दाखवावे, मग लांबून पाहावे. यात त्याला सर्वांची नावे येतात, आणि तो आला नाही तर तक्ता रिकामा राहून कोणीतरी त्याची चौकशी करते.

आरतीचेही तसेच. घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर हात बसायला वेळ लागतो, कासाळ्याचा, म्हणजे झांजेचा, ठोका मात्र त्याला साधेल. महिनाभर आधीपासून घरी एकच आरती, संथ लयीत, रोज म्हणा. घुमट आणि शामेळ या वाद्यांचा आवाज खोलीत फार घुमतो. त्याचा त्रास होत असेल तर त्याला दाराजवळ उभे करा, पण हातात कासाळे असू द्या. इतर मुलांच्या आयांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. आरतीत पुढे असणाऱ्या मुलालाच घरी बोलवा आणि ठोका कुठे थांबवायचा, हे कोपराला हात लावून त्यालाच शिकवू द्या.