मे महिन्यात राजस्थान, घरच्या ज्येष्ठांना घेऊन

"टूरवाले म्हणतात मेमध्येही काही अडचण नाही, रेट मात्र निम्मे" हे तुमच्या पोस्टमधलं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तुमच्याबरोबर सासू-सासरे आणि सात वर्षांचा मुलगा, आणि बेत जयपूर-जोधपूर-जैसलमेरचा. आमचीही मंडळी साधारण अशीच होती आणि आम्हालाही हेच ऐकवलं होतं. पाणी, टोपी, ओआरएस हे तुम्हाला सांगायला नको.

उन्हापेक्षा जास्त छळतं ते वेळापत्रक. आमच्या टूरवाल्या ऑफिसने (नाव घेत नाही) आम्हाला डिसेंबरचाच कार्यक्रम मेच्या तारखा टाकून दिला होता. जोधपूरला अकराला मेहरानगड किल्ला, तीनला जसवंत थडा हे संगमरवरी स्मारक, जैसलमेरला साडेचारला उंटाची सफारी. जैसलमेरला पोचल्यावर कळलं की सम इथला (जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांतला) आमचा तंबूंचा कॅम्प एप्रिलपासूनच बंद आहे. तिथले बरेच कॅम्प उन्हाळ्यात बंद असतात, आणि या धंद्यातल्या माणसाला ते ठाऊक नसेल हे मला पटत नाही. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये आहेत". बदली हॉटेल मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एसीच्या जागी कूलर आणि त्याची टाकी कोरडी. सासूबाई डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फरशीवर बसून होत्या. पैसे परत मागितले तर "ऑफ सीझन पॅकेज नॉन-रिफंडेबल". स्वस्तात दिलं म्हणजे काहीही गळ्यात मारायचं का? अजून संताप होतो.

म्हणून पैसे भरायच्या आधी कॅम्प त्या तारखेला चालू आहे का, एसी जनरेटरवर चालतो का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे लेखी घ्या. फोनवरच्या "हो हो"ला काही अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर या खेपेला जैसलमेर गाळाच. जोधपूरहून तिकडे जाताना वाटेत फलोदी लागतं, तिथे 19 मे 2016 ला 51 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. त्याऐवजी उदयपूर घ्या, अरवलीच्या कुशीत असल्यामुळे जरा सुसह्य असतं. दिवसाचे सरळ दोन तुकडे करा. किल्ले उघडल्या उघडल्या गाठा, अकराच्या आत हॉटेलवर परत या, मग पाचनंतरच बाहेर पडा. जयपूरचा आमेर किल्ला रात्रीही बघता येतो, दिव्यांत फार देखणा दिसतो. तिथली जुनी वेधशाळा, जंतर मंतर, मात्र उन्हातच बघायचा. सकाळी लवकर जाऊन सम्राट यंत्राजवळ, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाजवळ, थोडा वेळ थांबा, सावली मिनिटाला चार बोटं सरकते, नुसत्या डोळ्यांना दिसते. मुलगा हरखून जाईल. गर्दी नसल्यामुळे तिथे निवांत उभं राहता येतं, ऑफ सीझनचा खरा फायदा मला तोच वाटतो.

मी डॉक्टर नाही, पण सासऱ्यांना बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी नक्की बोला. अशा उन्हात अंगातलं पाणी लवकर कमी होतं.

आणि एवढं सगळं वाचूनही जैसलमेरला जाणारच असाल, तर किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळीच उरका आणि सगळ्यांसाठी जाड सुती पायमोजे बरोबर ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणातला दगड दहा वाजताच चटके देतो. चामड्याचे पट्टे, पाकिटं मात्र गाडीतच ठेवून जा, आत नेऊ देत नाहीत.