सायकलच्या स्टीलच्या फ्रेममध्ये जाम झालेली ॲल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) कशी काढू?

फ्रेम स्टीलची आणि सीटपोस्ट ॲल्युमिनियमची आहे म्हणताय, म्हणजे हा नुसता गंज नाही. दोन धातूंमध्ये ओलावा राहिला की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, तीच फुगून पोस्ट आवळते.

हातोडा अजिबात नको. पोस्ट आवळणारा क्लॅम्प पूर्ण काढा, पोस्ट फ्रेममध्ये शिरते तिथल्या फटीत गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर मुरू द्या. मग सायकल उलटी करून बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूच्या भोकातूनही तेल सोडा. दोन-तीन दिवस हेच करा.

ओढू नका, पिळा. सीट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे. ‘कट्’ आवाज आला की सुटलीच. तरीही हलली नाही, तर पोस्टचं डोकं टेबलाला पक्क्या बसवलेल्या व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात) आवळा आणि अख्खी फ्रेमच हळूहळू फिरवा. पोस्ट खराब होईल, फ्रेम वाचेल.

नवी पोस्ट ग्रीस लावूनच बसवा.