टर्मिनेशनचं पत्र आलंय, केस करू की नको?

मी समुपदेशक, माझ्याकडे परवा परत तोच प्रश्न आला. "मॅडम, केस केली तर फील्डमध्ये नाव खराब होणार, नाही केली तर चूक कबूल केल्यासारखं होणार, मग करू काय?" विचारणारा एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी संशोधन करणारा, होता, पण त्याचं ऐकताना मला आठवत होती दोन वर्षांपूर्वी आलेली एक जण. तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पस्तिशीची, पुण्यातल्या एका युनिव्हर्सिटीत संशोधक, मातीतले जिवाणू हा विषय, प्रोबेशन चालू. एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला एक पानी पत्र हातात, आपल्या सेवांची यापुढे आवश्यकता नाही, आयकार्ड जमा करा, आणि सोमवारी मेलपण बंद. घरी तिनं सांगितलंच नाही. सासूबाई रोज डबा भरून द्यायच्या, ही साडेआठला स्कूटी काढून वेताळ टेकडीवर जायची, दिवसभर तिथंच, डबा तिथंच, सहाला घरी. असे अकरा दिवस. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, अगं तुझ्या लॅबमध्ये गवत आहे का, रोज सलवारीला एवढी कुसळं कशी? तिथं ती रडायला लागली आणि मग नवरा तिला माझ्याकडे घेऊन आला.

पहिल्या सेशनला ते पत्र तिच्या पर्समध्येच होतं, घडीवर फाटत आलेलं, इतक्यांदा उघडून वाचलेलं. म्हणाली, मला पैसे नकोत, पोस्टपण नको, कोर्टानं फक्त एवढं म्हणावं की माझं काम चांगलं होतं.

आणि इथं मी चुकले. आमच्या सवयीप्रमाणे म्हणाले, घाई नको, आधी स्वतःला सावरा, महिना-दोन महिन्यांनी बघू केसचं. संध्याकाळी एका वकील मैत्रिणीला नाव न सांगता सहज विचारलं तर ती ओरडलीच, अगं बाई, तीस दिवस असतात! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ट्रायब्युनलकडे, अपील करता येतं, पण ते आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं आणि ते पटेलच असं नाही. रात्री नऊला मी तिला फोन करून माझा सल्ला मागं घेतला. क्लायंटला असा फोन मी एरवी करत नाही.

वकीलबाईंनी पत्र हातात घेतलं आणि मजकूर वाचलाच नाही आधी, वरची "संदर्भ" ओळ वाचली. तिथं एका समितीच्या अहवालाचा नंबर होता. विचारलं, हा अहवाल तुम्हाला दिला? नाही. तुमचं म्हणणं घेतलं? नाही. गोम तिथं होती. प्रोबेशनवरच्या माणसाला काम समाधानकारक नाही एवढ्यावर काढता येतं, पण ठपका ठेवून काढायचं असेल तर चौकशी लागते, त्याची बाजू ऐकावी लागते. आणि ठपका पत्रातच असायला पाहिजे असं नाही, पत्रात ज्या कागदाचा उल्लेख आहे त्यात असला तरी चालतो. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रातल्या दीप्ती प्रकाश बॅनर्जी प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1999 मध्ये हेच धरलं होतं. रोज रात्री ते पत्र वाचूनसुद्धा ती ओळ हिला दिसलीच नव्हती, कारण ती त्यात स्वतःची लायकी शोधत होती.

मग आमचं खरं काम सुरू झालं. ट्रायब्युनल बघणार की काढण्याची पद्धत बरोबर होती का, तिचे पेपर चांगले होते का हे तिथं कोणी वाचत बसणार नाही. म्हणजे जिंकली तरी तिला हवं असलेलं वाक्य मिळेलच असं नाही आणि हरली तरी संशोधन वाईट ठरत नाही. हे तिला पटायला चार सेशन गेली. मधे एकदा माझ्यावर चिडलीपण, म्हणाली मग मी लढू कशासाठी? मी म्हटलं, पगारासाठी लढा ना, पगारासाठी लढणं काय कमीपणाचं आहे का? आपल्याकडे शिकलेल्या लोकांना पैशासाठी भांडायची लाज वाटते हे माझं फार जुनं दुखणं आहे.

दुसरी भीती होती, मधे दुसरी नोकरी धरली तर केस कमजोर होईल. त्याचंही तसं नसतं. दीपाली सुरवसे प्रकरणात 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की बेकायदा काढलं असेल तर कामावर परत घेणं आणि मागचा पगार हा सर्वसाधारण नियम, फक्त मधल्या काळात काही कमवत नव्हतो किंवा कमी कमवत होतो हे कर्मचाऱ्यानं आधी मांडायला हवं. कमाईचा आकडा अर्थात लागतो हिशोबात, पण लपवायचं नाही एवढंच. वकिलाच्या फीचं म्हणाल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मागता येतं, पुण्यात शिवाजीनगर कोर्टात त्याचं ऑफिस आहे, हेल्पलाइन 15100.

नाव खराब व्हायचं म्हणाल तर थोडं झालं, खोटं कशाला बोलू. दोन जुन्या सहकाऱ्यांनी फोन उचलणं बंद केलं. एकीनं मात्र स्वतःहून जुने अप्रेझलचे मेल शोधून वकिलांना दिले, आणि ही ती होती जिच्याशी हिचं कधी धड पटलं नव्हतं.

अपील सव्विसाव्या दिवशी दाखल झालं. अजून तारखा चालू आहेत. ती भोसरीत एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, पगार निम्मा, डबा सासूबाईंचाच.

तर परवा त्या पोस्टडॉकला मी पहिला प्रश्न विचारला, पत्र हातात कधी पडलं? म्हणाला, बावीस दिवस झाले. त्याची पोस्ट कॉन्ट्रॅक्टची, त्याला ट्रायब्युनल लागू की थेट हायकोर्टात रिट याचिका करायची हे मी कोण ठरवणार, सेशन तिथंच थांबवलं आणि माझ्यासमोर बसून आधी वकिलांना फोन लावायला लावला.