तेल-तूप बंद, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलंच

प्रश्न : आमचे मिस्टर ५२ वर्षांचे. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी आणि रात्री भात. वर्षभर घरात तूप बंद आहे, भाजीला तेल नावापुरतं. तरी रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३४ आलं. एलडीएल ठीक आहे. तेल खातच नाहीत, तर रक्तात चरबी आली कुठून?

उत्तर : मोठा वाटा भाताचाच असणार. पॉलिश करताना तांदळाचा कोंडा आणि अंकुर गिरणीतच निघून जातो. उरतो तो स्टार्च. शिजल्यावर आतड्यात तो भराभर मोडतो, रक्तातली साखर एकदम चढते आणि स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. स्नायूंनी वापरून, यकृतातला साठा भरूनही जी साखर उरते, तिची यकृत चरबी बनवतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात पाठवतं. ट्रायग्लिसराइड वाढलं की एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, खाली येतं. एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कणही लहान आणि दाट होतात, म्हणून एलडीएलचा आकडा ठीक आला तरी निर्धास्त राहू नका.

तेल-तूप तोडून त्या जागी भात वाढवला, तर हृदयाला फायदा होत नाही. ट्रायग्लिसराइड उलट चढतं. पथ्य म्हणून बऱ्याच घरी नेमकं हेच होतं. दिवसाला माणशी तीन-चार चमचे शेंगतेल आणि चमचाभर शेंगदाण्याची चटणी मिस्टरांना बिनधास्त द्या.

२०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २० देशांतल्या सुमारे १ लाख ३७ हजार लोकांचा अभ्यास आला. त्यात भारतही होता. साधारण साडेनऊ वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की आधी हृदयरोग नसलेल्यांत सर्वांत झपाट्याने साखर चढवणारा आहार घेणाऱ्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हार्ट फेल्युअर किंवा मृत्यू यांचं प्रमाण सर्वांत संथ आहाराच्या गटापेक्षा २१ टक्क्यांनी जास्त होतं. आधीपासून हृदयरोग असलेल्यांत हा फरक ५१ टक्के होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

भात बंद करा असं आम्ही सांगणार नाही. खानापूरच्या घरात ते चार दिवसांवर टिकत नाही. एका जेवणात ५० ते ६० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात ठेवा. शिजून तो १५० ते १८० ग्रॅम होतो. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा आणि तेवढाच मावणारी वाटी ठरवून टाका. ‘अंदाजे थोडा’ वाढलेला भात आठवड्यात पूर्वीइतका होतो. दुसऱ्या जेवणाला ज्वारीची किंवा नाचण्याची भाकरी. सकाळची तांदळाची भाकरी म्हणजे पिठाच्या रूपातला भातच, ती आठवड्यातून एक-दोनदा पुरे.

आणि आमटीकडे बघा. सहा माणसांच्या पातेल्यात एक वाटी डाळ आणि वर पाणी, अशी आमटी भात गिळायला मदत करते, बाकी काही नाही. एका जेवणाला माणशी निदान ३० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य हवं. ताटावर बसल्यावर आधी उसळ आणि भाजी, मग भात. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. उकड्या तांदळाचा थोडा फायदा आहे, पण त्याचाही ढीग नको.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता, दारू आणि पोटाचा घेर यांमुळेही ट्रायग्लिसराइड वाढतं, तेव्हा एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासून घ्या. तीन महिन्यांनी लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, पुन्हा करा, १० ते १२ तास उपाशीपोटी. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर तपासणी पुढे ढकला. ट्रायग्लिसराइडचा आकडा ५०० च्या वर गेला तर तीन महिने थांबू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

प्रश्न : आम्ही अथणीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच खातो. तरी माझी साखर वाढली आणि भावाला अँजिओप्लास्टी करावी लागली. मग ज्वारीचा उपयोग काय?

उत्तर : ज्वारी चांगलीच. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. पण एका मध्यम भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं येतात. एका बैठकीला चार भाकऱ्या म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते पचायचं. आता ट्रॅक्टर आला, भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासात हेच दिसलं : भाताऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्यांचं पीठ आणलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या किंवा दुधातल्या प्रथिनांना दिला, तिथे धोका कमी होता.

तेव्हा दोन भाकऱ्या आणि त्यांच्याबरोबर खरी उसळ. हिशेब असा : दिवसाच्या दोन भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम तंतू, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या किंवा मुगाच्या उसळीतून सहा-सात, आणि ४०० ग्रॅम भाजी-फळांतून आठ-दहा. झाले २५ ग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढेच सांगते. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि माणसं चौथ्या दिवशी सोडून देतात. कडधान्य रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून टाका, मोड आणा, आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

गिरणीत पीठ थोडं जाडसर काढून घ्या, चाळून कोंडा टाकू नका. नाचण्याची पातळ आंबील मात्र सावकाश चढणारी समजू नका. बारीक पीठ भरपूर पाण्यात शिजलं की साखर वेगाने वाढते. चुरमुऱ्यांचंही तसंच. हलके लागतात म्हणून भडंगाचं भांडंभर संपतं. मूठभर चुरमुरे घ्या, त्यात तेवढेच फुटाणे, शेंगदाणे आणि कांदा घाला.

प्रश्न : साखरेऐवजी गूळ वापरला तर हृदयाला चालतो ना? आमच्याकडे गुऱ्हाळाचा शुद्ध असतो.

उत्तर : नाही. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम साखरच असते. गुऱ्हाळ ओळखीचं असलं तरी ती बदलत नाही. चहात दोन चमचे आणि दिवसाला पाच चहा, म्हणजे ४०-५० ग्रॅम. २,००० कॅलरी खाणाऱ्यासाठी वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा ५० ग्रॅम आणि बरी मर्यादा २५. कुंदा आणि गोकाकचा करदंट सणासुदीला एक तुकडा खा, जेवणानंतर. ‘ड्रायफ्रूटचा आहे’ म्हणून रोज नको.

प्रश्न : आईंना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. उद्यापासून त्यांचा भात निम्मा करू का?

उत्तर : उद्यापासून नको. ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं अचानक घटवली तर साखर ७० च्या खाली घसरू शकते : घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लानी आली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या, मग दर आठवड्याला भात पाव वाटीने कमी करा आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल तर डाळी-कडधान्यांचं प्रमाणही डॉक्टरांनाच विचारा, आमच्या वरच्या आकड्यांवर जाऊ नका.