बटण दाबलं तरी फ्लिप चावी उघडत नाही, घरी दुरुस्त होईल का?

तुम्ही विचारलंय की गाडीच्या फ्लिप चावीचं, म्हणजे जिचं पातं मुठीत दुमडून बसतं त्या चावीचं, बटण दाबलं की पातं थोडंसं बाहेर येतं आणि तिथंच लटकतं, पुढं नखाने ओढावं लागतं, आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं की पूर्ण चावीच बदला, साडेनऊ हजार होतील. साडेनऊ हजार देऊ नका. निदान या आठवड्यात तरी देऊ नका, आधी हे वाचा आणि एक रविवार सकाळ त्या चावीला द्या.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, स्प्रिंग, पिन, पंच, डाय हेच दिवसभर हातात असतं, आणि माझी स्वतःची चावी दोनदा आणि सिडकोत आमच्या बिल्डिंगमधल्या चार-पाच जणांच्या चाव्या मी उघडून नीट केल्यात. त्यातली एकही अशी नव्हती की जिला पूर्ण बदलायची गरज होती.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. चावी म्हणजे तीनच वस्तू, कापलेलं पातं, आतली चिप आणि रिमोटचं सर्किट. बाकी जे प्लास्टिक, बटण, स्प्रिंग, पिन आहे ते नुसतं घर आहे, आणि तुमचं बिघडलंय ते घर. भाड्याचं घर बदललं तर माणसं तीच राहतात ना, तसंच आहे हे. आणि हो, काही जण पातं उघडत नाही म्हणून सेल बदलून बघतात, त्याचा काही संबंध नाही, पातं बाहेर येणं हे शंभर टक्के स्प्रिंगचं काम आहे, सेल फक्त रिमोटसाठी असतो.

आतमध्ये काय असतं ते सांगतो, म्हणजे उघडल्यावर गोंधळ होणार नाही. बटणाच्या खाली एक पोकळ गोल डबी असते, स्प्रिंग त्या डबीत बसते, स्प्रिंगचं एक टोक डबीच्या खाचेत आणि दुसरं टोक केसच्या खाचेत अडकलेलं असतं. बहुतेक फ्लिप चाव्यांमध्ये ही एकच स्प्रिंग दोन कामं करते, दाबलेलं बटण परत वर ढकलते आणि पात्याला गोल फिरवते. बटण दाबलं की डबीचे दात केसच्या खाचेतून सुटतात, स्प्रिंगचा पीळ मोकळा होतो, पातं फिरून बाहेर येतं आणि शेवटी दात दुसऱ्या खाचेत पडले की टक असा आवाज येऊन लॉक होतं. एवढंच यंत्र आहे, पण यात सगळा जीव त्या पिळात आहे.

आता न उघडताच तपासणी करा. पातं हाताने पूर्ण उघडा, बटण दाबून धरा आणि हळूहळू बंद करत न्या, बोटाला काय लागतंय ते बघा. चांगल्या चावीत जसजसं बंद होतं तसतसा जोर वाढत जातो. जोर लागतोय पण मध्येच खरखर होतं किंवा अडकतं तर आत घाण आहे. जोर लागतो पण फारच कमी, तर पीळ उतरलाय. अजिबात जोर लागत नाही, पातं ढिलं ढिलं झुलतं, तर स्प्रिंग तुटलीय किंवा तिचं एक टोक खाचेतून निसटलंय. आणि बटण दाबल्यावर आतच राहतं, वर येत नाही, तरी स्प्रिंगच, कारण वर सांगितलं तसं वर ढकलायचं कामही तिचंच. तुमच्या वर्णनावरून मला तरी घाण किंवा उतरलेला पीळ वाटतोय, म्हणजे सगळ्यात सोपं काम.

माझं झालं होतं ते असं, पावसाळ्यात त्र्यंबकला गेलो होतो, चावी पँटच्या खिशात, पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही, घरी आल्यावर पँट तशीच दोरीवर, चावी दोन दिवस ओल्या खिशात. मग आठवड्याभरात पातं अर्ध्यात थांबायला लागलं. उघडली तर स्प्रिंगवर गंजाची पूड आणि खिशातला धागाधागा, वर आमच्या कामाची लोखंडाची बारीक कीस, सगळं मिळून चिखल झालेला. स्प्रिंग तुटलेली नव्हती, नुसती गुदमरलेली होती.

उघडायची पद्धत. आधी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, आणि पुढं प्रत्येक टप्प्याला काढत राहा, याला कंटाळा करू नका कारण स्प्रिंगचं टोक कोणत्या खाचेत होतं हे आपल्याला आठवतंय असं वाटतं आणि आठवत नाही. बऱ्याच चाव्यांमध्ये रिंगच्या बाजूला एक बारीक फट असते, तिथं चपटा छोटा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच फिरवला की मागचा भाग सुटतो. काहींमध्ये सेलखाली किंवा कंपनीच्या लोगोखाली एक बारीक स्क्रू असतो, त्यामुळे जोर लावूनही उघडत नसेल तर थांबा आणि स्क्रू शोधा. सर्किट आणि सेल काढून एका वाटीत ठेवा. स्प्रिंगचा भाग उघडताना मात्र दोन्ही हात आणि चावी एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घाला आणि आतच उघडा. हे हसण्यावारी नेऊ नका, ती स्प्रिंग उडाली की सोफ्याखाली जाते नाहीतर बाल्कनीतून खाली, आणि मिळत नाही.

साफ करायला जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. पाणी नको. वाळल्यावर डबीच्या कडेला आणि स्प्रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. शिलाई मशीनचं तेल लोक घालतात, त्याने आठवडाभर मस्त चालतं आणि मग खिशातला सगळा धागा त्याला चिकटून पहिल्यापेक्षा वाईट होतं. ग्रॅफाइट पावडर कुलपाला चांगली पण इथं नको, तिच्यातून करंट जातो, सर्किटवर सांडली तर रिमोट वेडावाकडा वागेल. आणि फेविक्विक या चावीच्या जवळपासही आणू नका. क्रॅक गेलेला कोपरा जोडायला म्हणून एक थेंब टाकतात, तो पाझरत पाझरत डबीत जातो आणि मग खरंच चावी फेकायची वेळ येते.

आता पीळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, स्प्रिंगचं बरोबर उलटं आहे, दिसायला ती छान चकचकीत असते पण पीळ गेलेला असतो. नुसती साफ करून जशीच्या तशी परत बसवली तर बटण दाबल्यावर पातं थोडंसं हलून थांबणारच, कारण स्प्रिंग आधीपासून थोडी आवळलेली असावी लागते. तर करायचं असं, स्प्रिंगची दोन्ही टोकं आपापल्या खाचेत बसवा, केसचा वरचा भाग अर्धवटच लावा म्हणजे डबीचे दात अजून खाचेत पडलेले नाहीत, आणि त्या अवस्थेत पातं, बंद होताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने, साधारण अर्धा फेरा जास्तीचं फिरवा. जुन्या घड्याळाला किल्ली देताना बोटाला जसं जाणवायचं तसं जाणवलं पाहिजे. तसंच घट्ट धरून बटण आत दाबा आणि दोन्ही भाग एकमेकांवर बसवून टाका. उलट दिशेने पिळलं तर स्प्रिंग उघडत जाते आणि टोकं निसटतात, तसं झालं तर लगेच कळेल. अर्ध्या फेऱ्याने पातं जोरात नाही आलं तर परत उघडून पाऊण, मग एक, असं वाढवत जा. पण हावरटपणा नको, जास्त पीळ दिला तर स्प्रिंगचे वेढे आधीच एकमेकांवर आवळले जातात आणि पातं पूर्ण बंदच होत नाही. मला स्वतःच्या चावीला चौथ्या वेळी जमलं, टूलरूममध्ये काम करूनसुद्धा, तेव्हा दुसऱ्या प्रयत्नात नाही जमलं तर सोडून देऊ नका.

स्प्रिंग तुटलीच असेल किंवा केसचे दात झिजले असतील तर रिकामं कव्हर घ्या, चावीवाले त्याला शेल म्हणतात, स्प्रिंग आणि बटण त्यातच येतं, तुमच्या गाडीच्या मॉडेलचं बघून आणि बटणं किती आहेत ते मोजून घ्यायचं. मी शालिमारजवळ बसणाऱ्या एका चावीवाल्याकडून ४०० रुपयाला घेतलं होतं, ऑनलाइन त्याहून स्वस्त पण मिळतात, पण हातात घेऊन चार वेळा उघडझाप करून घेतलेलं बरं.

आणि इथं सगळ्यात मोठा धोका आहे तो ऐका. जुन्या कव्हरमध्ये एक चिप असते, काही चाव्यांत ती सर्किटवरच सोल्डर केलेली असते पण बऱ्याच चाव्यांत ती वेगळी, काळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, प्लास्टिकच्या एका खोबणीत बसवलेली. तिला सेल लागत नाही, इग्निशनच्या कुलपाभोवती जी कॉइल असते तिच्यातूनच तिला ताकद मिळते आणि ती आपला नंबर गाडीला सांगते, नंबर जुळला तरच इंजिन चालू राहतं. माझ्या मेहुण्याने नवीन शेलमध्ये सर्किट टाकलं, पातं टाकलं, रिमोटने दरवाजे उघडले, खूश झाला, जुनं कव्हर कचऱ्यात. सकाळी घंटागाडी येऊन गेली. दहा वाजता गाडीला चावी लावली तर इंजिन सुरू होऊन एका सेकंदात बंद, परत तेच, डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतोय. तोपर्यंत चिप कुठल्या कुठे गेली होती. घरात दुसरी चावी होती म्हणून गाडी निघाली, पण या चावीसाठी नवीन चिप घेऊन प्रोग्रॅम करायला जे पैसे वाचवले होते त्याच्या कितीतरी पट गेले. म्हणून जुनं कव्हर महिनाभर तरी ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि नवीन शेल बंद करायच्या आधी चिप आत आहे का ते डोळ्याने बघा. काही चिपा काचेच्या असतात, स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढू नका, कडेचं प्लास्टिक ब्लेडने कापून मोकळी करा.

पातं बदलायचं म्हणजे एक बारीक पोकळ पिन ठोकून काढावी लागते, साधारण दीड ते दोन मिमीची असते, आम्ही तिला रोल पिन म्हणतो. हे काम खिळा आणि हातोडी घेऊन घरी करू नका, खिळ्याचं टोक निमुळतं असतं, ते पिनच्या पोकळीत शिरून तिला आणखी फुगवतं आणि पिन कायमची जाम होते. सरळ, पिनपेक्षा किंचित बारीक पंच लागतो आणि खाली भोक असलेला लाकडी ठोकळा. मेन रोडला घड्याळ दुरुस्तीवाले आहेत त्यांच्याकडे असे बारीक पंच असतात, किंवा चावीवालाच करून देतो, पाच मिनिटाचं काम. चावीवाल्याकडे केलंत तर समोर उभं राहून करून घ्या, ठेवून येऊ नका, चिप आणि पातं दोन्ही एकत्र परक्याच्या हातात तासभर ठेवणं मला पटत नाही.

तुमचं जुनं पातं फार झिजलं नसेल तर तेच नवीन शेलमध्ये बसवा, नवीन कापायची गरज नाही. फार झिजलं असेल तर त्याच्यावरून नक्कल करू नका, नक्कलेत झीजसुद्धा उतरते, दुसरी कमी वापरलेली चावी घेऊन जा आणि तिच्यावरून कापा. दुसरी चावी आहे ना तुमच्याकडे? असली तर जपून ठेवा, गाडी चोरीला गेली तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.

एक वेगळं सांगतो, तुम्ही विचारलं नाहीये पण फ्लिप चावीवाल्या प्रत्येकाला सांगतो. पातं उघडल्यावर लॉक होत नसेल, हलत असेल, तर त्या चावीने गाडी चालवणं थांबवा आणि दुसरी चावी वापरा. आणि घराची, कपाटाची, ऑफिसची, वर गणपतीचं पितळी कीचेन, हा सगळा जुडगा फ्लिप चावीला लावू नका, तो लटकत राहतो आणि पात्याच्या मुळाशी, त्याच पिनवर, दिवसभर ताण येतो. यात जिवाचाही प्रश्न आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ५ लाखांहून जास्त कॅमेरो गाड्या परत बोलावल्या, कारण ड्रायव्हरचा गुडघा चावीला लागून इग्निशन चालू स्थितीतून सरकू शकत होतं, आणि त्यांनी उपाय काय केला तर बटणाने उघडणारी फ्लिप चावी काढून साधी वेगळी चावी दिली. इग्निशन असं सरकलं की इंजिन बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं, कसारा घाटात असं झालं तर काय होईल याचा विचार करा. माझ्या गाडीच्या चावीला आता फक्त एक रिंग आहे, बाकी सगळ्या चाव्या वेगळ्या.

तुम्ही आधी पिशवीत उघडून साफ करा आणि अर्ध्या फेऱ्याचा पीळ देऊन बघा. मध्येच अडलात तर उघडलेल्या भागाचा फोटो काढून विचारा, सांगेन, फक्त फोटोत पात्याच्या खाचा कागदाने झाका, खाचांचा सरळ फोटो असला तर त्याच्यावरून चावी कापता येते.