ओपनबीएमसीत पहिला पॅच टाकतोयस? मग हे ऐक

सेन्सरचं नाव बदलून कोड जरा साफसुथरा करू, असं तुला पहिल्याच आठवड्यात वाटणार, पण थांब. बीएमसी (आपली महापालिका नव्हे रे, सर्व्हरच्या बोर्डावरची, त्याच्यावर लांबून लक्ष ठेवणारी ती छोटी चिप; ओपनबीएमसी म्हणजे तिचंच ओपन सोर्स सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं रॅकमध्ये पडून असते आणि तिच्याशी बोलणाऱ्या स्क्रिप्ट कोणी लिहिल्या हे कंपनीतसुद्धा कोणाला आठवत नसतं. मी एकदा एकच नवीन टेम्परेचर सेन्सर ॲड केला, बस. आयपीएमआयमध्ये (बीएमसीशी बोलायचा जुना प्रोटोकॉल) डायनॅमिक सेन्सरचे नंबर यादीतल्या क्रमाने मिळतात, त्यामुळे पुढचे सगळे एकेक घर सरकले आणि एका कस्टमरची नंबर धरून वाचणारी स्क्रिप्ट भलताच सेन्सर वाचत बसली, रात्री दोनला फोन. बिल्ड, टेस्ट सगळं हिरवंगार होतं बरं का!

डी-बसचं (बीएमसीवरचे प्रोग्रॅम ज्यावरून एकमेकांशी बोलतात ते) इंटरफेस बदलायचं असेल तर त्याच्या यॅमल फाइलमध्ये नवीन प्रॉपर्टी ॲड कर, जुनीचा टाइप किंवा अर्थ बदलू नकोस, आणि ती काढायचीच असेल तर आधी सगळ्या रेपोंमध्ये ग्रेप मारून (नाव शोधून) बघ कोण वापरतंय. रेडफिशवाले (सर्व्हर सांभाळायच्या नव्या स्टँडर्डचे लोक) बघ, थर्मल स्कीमा (तापमान-पंख्यांच्या माहितीचा साचा) 2020.4 आवृत्तीत डेप्रिकेट केला, म्हणजे यापुढे वापरू नका असं सांगितलं, नवा थर्मलसबसिस्टम आणला, तरी बीएमसीवेबमध्ये (ओपनबीएमसीचा वेब सर्व्हर) जुना चालू ठेवायला बिल्ड ऑप्शन दिलाच.

अर्थात सगळंच जुनं कायम ठेवता येत नाही, कित्येक बोर्डांवर फ्लॅश फक्त 32 एमबी असते. म्हणून काढायचं ते आधी ऑप्शनमागे टाक, कमिट मेसेजमध्ये कोणाचं काय मोडेल ते स्पष्ट लिही, मग गेरिटवर (जिथे बाकीचे कोड तपासतात) पाठव.